आजीचं आयुष्य लिहून काढायचंय? मग "तुझ्याबद्दल सांग" असं विचारू नका

पंचाहत्तरी असू दे, सहस्रचंद्रदर्शन असू दे नाहीतर वर्षश्राद्ध, आपल्याकडे ठरलेलं असतं. एक फोटो, खाली "प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, त्यागमूर्ती" आणि त्याखाली समस्त परिवार. नाव तेवढं बदललं की तोच फ्लेक्स शेजारच्यांच्या आजीलाही चालतो. जिने चार पोरं वाढवली, मग त्यांची पोरं वाढवली, वर गल्लीतल्या अर्ध्या बाळंतपणांना आणि सगळ्या मयतांना उभी राहिली, भिशी चालवली, बचत गट चालवला, तिच्याबद्दल आपल्याकडं चार विशेषणं सोडून काही नसतं, हे मला तरी फार खटकतं. म्हणून आमच्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, सगळं लिहून काढायचं काम घेतलं. ती पाटण तालुक्यातली, लग्नानंतर कराडात. त्यातून जे समजलं ते इथं लिहितोय, ज्यांना आपल्या घरी करायचंय त्यांनी वापरा.

पहिली गोष्ट, समोर बसवून "आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग" असं म्हणू नका. उत्तर ठरलेलं आहे, "माझं काय सांगायचं बाबा, चुलीपुढं गेलं सगळं." आणि विषय संपला. या पिढीच्या बायकांना स्वतःबद्दल बोलायची सवयच नाही, त्यांना विचारायचं ते कामाबद्दल, वस्तूंबद्दल, पैशाबद्दल आणि दुसऱ्या माणसांबद्दल. "लग्न झाल्यावर पाणी कुठनं आणायचीस", "चूल होती का शेगडी, आणि सरपण कोण आणायचं", "पहिल्यांदा तुझ्या हातात तुझे म्हणून पैसे कधी आले आणि त्याचं काय केलंस". हा शेवटचा प्रश्न तर विचाराच. बऱ्याच जणींच्या बाबतीत तो पैसा म्हणजे अंड्यांचा, दुधाचा, नाहीतर दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेल्याचा असतो, आणि तो कुठे लपवला होता इथपासून गोष्ट सुरू होते, ज्वारीच्या कणगीत, हळदीच्या डब्यात, देव्हाऱ्यामागं. तिथून ती अर्धा तास थांबत नाही.

दुसरं, हाताला काम देऊन बोलवा. शेंगा फोडायला, लसूण सोलायला, वाती वळायला, गवार मोडायला घेऊन बसा, तुम्ही पण सोला. रिकामे हात ठेवून मोबाईलकडं बघत बोलायला सांगितलं की ती कॅमेऱ्यासमोरच्या पुढाऱ्यासारखी बोलते, "सगळ्यांनी एकोप्यानं राहावं" वगैरे. ओव्या येत असतील तर तेच, नुसत्या म्हणायला सांगितल्या तर दोन आठवतील, हाताला जात्याची नाहीतर सुपाची लय दिली की निघत राहतात. आणि याला कमी समजू नका हं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि त्या संग्रहात आज एक लाखावर ओव्या आहेत. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं लिहून ठेवलं म्हणून १९५२ साली, त्या गेल्यावर, आपल्या हातात कविता आल्या. घरच्या कोणीतरी वही घेऊन बसावं लागतं, बाकी सरकार येऊन काही करणार नाही.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात सांगतो. साधा मोबाईल पुरतो, त्यातलं व्हॉइस रेकॉर्डर. फॅन बंद करा, उकडत असेल तर बारीक ठेवा, कारण कानाला नाही पण माईकला फॅनच फार ऐकू येतो. मिक्सर, कुकर, टीव्ही हे शत्रू. मोबाईल घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा म्हणजे पाटावरची ठकठक येत नाही. ज्या कानानं बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा. दुपारी जेवून वामकुक्षी झाल्यावर चहाच्या वेळेला चांगलं जमतं, सकाळी देवपूजेच्या आधी नको आणि रात्री मालिकेच्या वेळेला तर अजिबात नको, तिचं लक्ष तिकडं. अर्ध्या पाऊण तासाच्या वर बसू नका. फाईलला लगेच नाव द्या, तारीख आणि विषय, "माहेर विहीर", "दुष्काळ खडी", असं काहीतरी, नाहीतर महिन्याभरानं "रेकॉर्डिंग ००४७" मध्ये काय आहे ते देवालाही कळणार नाही. आणि त्याच संध्याकाळी ड्राइव्हवर टाका, दुसऱ्या कोणालातरी पण पाठवा. तिला सांगून रेकॉर्ड करा, चोरून नको. ती पाच मिनिटांत विसरते मोबाईल तिथं आहे ते, पण सांगितलेलं असलं पाहिजे.

आता सालांचा घोळ. हा सगळ्यात मोठा घोळ आहे. आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून असेल तर ती खरी धरू नका. आपल्याकडं शाळा जूनला उघडायच्या, पोरगं आणून उभं केलं की मास्तर वय बसवून १ जून टाकायचे, त्यामुळं त्या पिढीतली निम्मी माणसं एकाच दिवशी जन्मलेली आहेत. तिला साल विचारू नका, प्रसंग विचारा. एक मोठा कागद घ्या, डावीकडं गावाला आणि राज्याला ठाऊक असलेले प्रसंग सालासकट लिहा आणि उजवी बाजू तिच्यासाठी मोकळी ठेवा. आमच्याकडं सगळ्यात उपयोगी पडला तो कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून गेल्यावर. पाटण भागात ज्याचं वय त्यावेळी कळतं होतं त्याला तो विचारायची गरजच नाही, सांगतातच, त्यानंतर कितीतरी दिवस माणसं थंडीत घराबाहेर झोपत होती. मग विचारायचं, "भूकंपाच्या वेळी मोठा मामा केवढा होता?" "रांगत होता, मी त्याला उचलला आणि वाकळेसकट बाहेर." झालं, मामाचं जन्मसाल मिळालं, दाखल्यावर काहीही असो.

अशा खुणा प्रत्येक भागाच्या वेगळ्या. पुणेकर आजीला पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. लातूर-धाराशिवकडच्या (तेव्हाचं उस्मानाबाद) आजीला किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. मराठवाड्यातली जुनी माणसं रझाकारांच्या आधी आणि नंतर असं मोजतात, १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मोकळं झालं. गोव्याकडच्या आजीला गोवा मुक्त झाला तो दिवस, १९ डिसेंबर १९६१. मुंबईच्या गिरणगावातल्या आजीला गिरण्यांचा संप, १८ जानेवारी १९८२, आणि त्यानंतर घर कसं चाललं हा प्रश्न तर विचाराच, कारण ते बहुतेक तिनंच चालवलेलं असतं, खानावळ, शिवणकाम, पापड, कसंही करून. फार वय असेल तर नवे पैसे आले ते विचारा, १ एप्रिल १९५७, आण्यांचा हिशोब गेला आणि शंभर पैशांचा रुपया आला. "शास्त्रीजींचा सोमवार" पण पुष्कळ जणींना आठवतो, १९६५, सोमवारी संध्याकाळची चूल बंद. आणि गोदाकाठची माणसं असतील तर नाशिकचा सिंहस्थ, १९५६, १९६८, १९८०, पुढं १९९१-९२. त्यात ती गेली होती का, कडेवर कोण होतं, एवढं कळलं तरी बास.

मग १९७२ चा दुष्काळ. यावर वेगळी बैठक ठेवा, घाईत उरकू नका. महाराष्ट्रातल्या खेड्यातली कुठलीही आजी असू दे, रेशनवर आलेला मिलो, तो लाल जोंधळा, त्याची भाकरी कशी व्हायची हे ती तोंड वाकडं करून सांगेल. दुष्काळी कामं निघाली, खडी फोडायची, पाझर तलाव, रस्ते, आणि तिथं बायका पुरुषांच्या बरोबरीनं होत्या, पुढं याच्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ ला. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. आता इथं नीट विचारायचं, नुसतं "फार हाल झाले" यावर थांबायचं नाही. कामावर किती लांब चालत जायची? तान्हं पोर कुठं ठेवायची? झोळी कशाला बांधायची, झाड होतं का? पगार कोणाच्या हातात द्यायचे, तिच्या का नवऱ्याच्या? सुकडी तिथंच खायची का पदरात बांधून घरी आणायची पोरांना? आमच्या आजीनं या शेवटच्या प्रश्नावर नुसतं माझ्याकडं बघितलं, म्हणजे हे काय विचारायचं झालं का असं.

कागदपत्रांचं. तिचं माहेरचं पूर्ण नाव नातवंडांना माहीत नसतं, पैज लावतो, आत्ता आठवून बघा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहिलं की जुनं नाव माहेरच्या चार माणसांकडं राहतं, आणि ती माणसं गेली की संपलं. म्हणून पहिल्याच पानावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, गाव, आणि आईचं नाव तर नक्कीच, कारण आईचं नाव कुठल्याच कागदावर सापडणार नाही. त्याखाली तिला कोण काय म्हणायचं ते, माहेरी आक्का, सासरी वैनी, गल्लीत माई, गटात अध्यक्षबाई. शाळेत गेली असेल तर माहेरच्या गावच्या प्राथमिक शाळेत जनरल रजिस्टर असतं, मुख्याध्यापकांना अर्ज दिला की शोधून देतात, पण जून-जुलैमध्ये जाऊ नका, तेव्हा त्यांच्यामागं प्रवेशाची कामं असतात. जन्माची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. तिथं बाळाचं नाव बरेचदा नसतंच, बापाचं नाव आणि पुढं "मुलगी". जरा वाईट वाटतं पण तारीख खरी मिळते. फार जुनं असेल तर मोडी लिपीत असेल, मोडी वाचणारा गाठावा लागेल.

पण खरं सांगू का, बायकांचा इतिहास सरकारी कागदात फार कमी आणि स्वयंपाकघरात जास्त सापडतो. भांडी बघा! स्टीलच्या आणि पितळेच्या भांड्यांवर नाव कोरायची आपल्याकडची पद्धत, त्याच्यासारखं रेकॉर्ड नाही. "चि. अमुकच्या बारशानिमित्त, तमुककडून सप्रेम भेट", खाली तारीख. मांडणीवरची, माळ्यावरची, ट्रंकेतली सगळी भांडी उतरवा, चिंच-मीठ लावून घासा म्हणजे अक्षरं उठतात, प्रत्येकाचा फोटो काढा तिरपा उजेड पडेल असा. तिच्या लग्नाची, पोरांच्या बारशांची, महिला मंडळाच्या हळदीकुंकवाची, सगळी तारखेनिशी यादी तुमच्या समोर येते. आणि प्रत्येक भांडं हातात दिलं की ती सांगते ही कोण बाई, पुढं तिचं काय झालं, आणि हा तांब्या खरंतर आपला नव्हेच, लग्नघरात बदललाय.

मग कॅलेंडर. कालनिर्णय १९७३ ला सुरू झालं आणि तेव्हापासून कितीतरी घरांत तीच बाईची रोजनिशी आहे, दुधाचे खाडे, सिलेंडर कधी लावला, भिशी कुणाला लागली, अमकीला दवाखान्यात नेलं. जुनी कॅलेंडरं कपाटातल्या फळ्यांवर अंथरलेली सापडतात, काढताना फाडू नका. आहेराची वही असेल तर सोनंच, कुणी किती दिले आणि आपण त्यांच्याकडं किती परत केले, त्यावरून त्या घराचे संबंध कुणाशी कसे होते ते सगळं कळतं. पोस्टाची पासबुकं, जुनी अंतर्देशीय पत्रं, लग्नपत्रिका, आणि ज्या आज्या लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला नाहीतर दुबईला जाऊन आल्या त्यांच्या पासपोर्टावरचे शिक्के, कुठलं नातवंड कधी झालं ते त्यावरून लागतं. फोटो स्कॅन करायला दुकान नको, खिडकीजवळ सावलीत सपाट ठेवून फ्लॅश बंद करून मोबाईलनं काढा. डावीकडून कोण कोण ते तिच्याकडून आत्ताच लिहून घ्या, मागं पेन्सिलनं, बॉलपेननं नको, पुढच्या बाजूला उमटतं.

आता समाजकार्याचा भाग, आणि इथं सगळ्यात जास्त घसरायला होतं. कारण ती स्वतः त्याला काम मानतच नाही. "आपलं जायचं, बघायचं" एवढंच म्हणते. आणि घरातले, विशेषतः पुरुष, त्याला आयुष्यभर लष्कराच्या भाकऱ्या म्हणत आलेले असतात. त्यामुळं तिला विचारलं "तू काय समाजसेवा केलीस?" तर "काय नाय" असंच येणार. असं विचारा, गल्लीत कुणाच्या घरी मयत झालं तर पहिल्यांदा कोण जायचं, बाईमाणूस गेलेलं असेल तर आंघोळ कोण घालायचं, कडू घास कोण करायचं, किती भाकऱ्या, पीठ कुणाच्या घरचं. अवघडलेली बाई रात्री दवाखान्यात न्यायची तर बरोबर कोण गेलं, रिक्षाचे पैसे कुणी दिले. संजय गांधी निराधार योजनेचे फॉर्म, जी १९८० पासून आहे, त्याला कुठल्या कुठल्या बायकांना घेऊन तहसीलला गेलीस आणि तिथला क्लार्क काय बोलला. पोलिओच्या रविवारी बूथवर कोण बसायचं आणि पोरं घरातनं ओढून कोण आणायचं. वारीच्या दिंडीला जेवण, गणपतीच्या महाप्रसादाची भाजी चिरायला किती जणी, आणि चिरणाऱ्यांची नावं. दारूबंदीसाठी उभी बाटली आडवी बाटलीचं मतदान झालं असेल त्या गावात तर त्याची वेगळी बैठक, कारण त्यात धमक्या पण आलेल्या असतात आणि घरातला विरोध पण.

बचत गट किंवा भिशी चालवली असेल तर वह्या मागा. गटाच्या सभेचं इतिवृत्त असतं, कोण हजर, कोण गैरहजर, वर्गणी किती, कर्ज कुणाला, कशासाठी. "गाय घेण्यासाठी", "मुलीच्या कॉलेजची फी", "नवऱ्याचं ऑपरेशन". एका गटाची चार वर्षांची वही वाचली की त्या वस्तीतल्या पंधरा-वीस घरांची सगळी परिस्थिती समोर उभी राहते. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम १९७५ पासून आहे, नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, १९९२ पासून गट बँकेला जोडायला सुरुवात केली, त्यामुळं तिचा गट कुठल्या लाटेत निघाला ते सालावरून बसवता येतं. पण त्याहून महत्त्वाचं, वसुली कशी करायची ते विचारा. हे खरं कौशल्य आहे. पैसे थकवलेल्या बाईच्या दारात भांडायला जायचं का गोड बोलायला, का तिच्या सासूला ऐकू जाईल असं बोलायचं, का स्वतःच्या पदरचे भरून नंतर हळूच मागायचे. हे सांगताना आमच्या आजीचा चेहरा बदलला, एकदम हुशार दिसायला लागली, म्हणजे ती होतीच, आम्ही तिला नुसती मायाळू समजत होतो. लिज्जत पापडची सुरुवात मुंबईत १९५९ ला सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन केली हे सगळ्यांना कौतुकानं ठाऊक असतं, पण आपल्या घरातल्या बाईनं किती पैशावर काय उभं केलं त्याचा आकडा कुणी विचारलेला नसतो.

तिच्या कामाचा आकडा फुगवू नका मात्र. "हजारो बाळंतपणं केली" असं लिहायचा मोह होतो. तिला विचारा, गल्लीतली घरं एकेक करून मोजा, ज्या पोरांना तिनं पहिली आंघोळ घातली त्यांची नावं लिहा. बत्तीस नावं निघाली तर बत्तीस लिहा. "हजारो" वाचून कुणाला काही वाटत नाही, बत्तीस नावं वाचून त्यातली निम्मी माणसं फोन करतील.

तिच्याकडून झालं की दुसऱ्यांकडं जा, आणि हे टाळू नका. जावेकडं, नणंदेकडं, माहेरच्या धाकट्या भावाकडं, शेजारणीकडं, गटातल्या सेक्रेटरीकडं. आणि सुनेकडं! लेकीला दिसलेली आई आणि सुनेला दिसलेली सासू या दोन वेगळ्या बाया असतात, दोन्ही खऱ्या. माझी मामी सुरुवातीला "काय सांगू, देवमाणूस" असंच म्हणाली, मग चहा झाला, मग म्हणाली, "पण पहिली सहा वर्षं कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली नाही." हे लिहायचं. अर्थात मामीला विचारून. त्यानं आजी कमी होत नाही, उलट ती कुणीतरी खरी बाई होती असं वाटतं. गावभर जाऊन लोकांचं करणारी बाई घरी थकून चिडायची, पोरांना फटके द्यायची, एखाद्या लेकाला झुकतं माप द्यायची, हे पण असतं. दोघं दोन गोष्टी सांगत असतील, समजा मामा म्हणतो विहीर आजोबांनी खोदली आणि आजी म्हणते माझ्या पाटल्या मोडून खोदली, तर न्यायाधीश बनू नका, दोन्ही लिहा.

काही गोष्टी सांगताना ती थांबेल. गेलेलं मूल, पडलेलं पोट, नवऱ्याचं पिणं, दुसरी बाई, जमिनीची वाटणी. तिथं प्रश्न नका विचारू, गप्प बसा, शेंगा फोडत राहा. ती बोलली तर बोलली. "हे लिहू नको" म्हणाली तर नाही लिहायचं, रेकॉर्डिंग पण तिच्यासमोर काढून टाका. पण गेलेल्या मुलाचं नाव तिला लिहावंसं वाटतं का, हे एकदा हळू विचारा. कुणी विचारलेलं नसतं. जिवंत माणसांची भांडणं, कोर्टात चालू असलेल्या केसा, घराचे पत्ते, बँकेचे नंबर हे काही छापू नका, पुस्तिका व्हॉट्सॲपवर फिरणार आहे हे लक्षात ठेवा.

विसरायला लागलेली असेल, तर मोठे प्रश्न बंद. एक वस्तू हातात द्या, जुना फोटो दाखवा, भूपाळी नाहीतर हरिपाठ लावा, जे येईल ते घ्या. चुकलं तर दुरुस्त करू नका, "अगं तो मामा नव्हे" असं केलं की ती घाबरते आणि बंद होते. आणि जर ती आधीच गेली असेल तर दहाव्या-बाराव्याला माणसं जमतात तेव्हा बोलतात खूप, पण तिथं कुणापुढं मोबाईल धरू नका, वाईट दिसतं. कोण काय बोललं एवढं वहीत टिपून ठेवा आणि महिन्याभरानं त्यांना फोन करा, "त्या दिवशी तुम्ही पुराच्या वेळचं सांगत होता". सांगतात, त्यांनाही बोलायचंच असतं.

लिहायला बसल्यावर. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, सोशिक हे चारही शब्द बंद, संसाराचा गाडा बंद, पदराला खार बंद. जे केलं ते लिहा, वाचणारा विशेषण स्वतः लावेल. तिचं बोलणं आहे तसं ठेवा, "मी म्हनलं, आनू दे की त्यो मिलो, भाकर थापून दाखवते", याचं प्रमाण मराठी करायला गेलात तर आजी जाईल आणि पाठ्यपुस्तक राहील. मोबाईलच्या कीबोर्डवर बोलून टाईप करता येतं मराठीत, पण तिचं बोलणं त्याला कळत नाही, तुम्ही ऐकून परत स्वतः बोला, मग बऱ्यापैकी येतं. आणि सगळं आयुष्य जन्मापासून क्रमानं लिहायचा हट्ट सोडा. त्यापेक्षा एक दिवस लिहा. एक साल धरा, समजा पोरं लहान असतानाचं, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत तिचा एक दिवस तासातासानं विचारून घ्या. किती वाजता उठली, अंधारात कंदील का चिमणी, पाण्याच्या खेपा किती, दळण, कोण आधी जेवलं, ती स्वतः कधी जेवली आणि तेव्हा टोपल्यात काय उरलं होतं, दुपारी कुणाच्या घरी गेली, तिथं किती वेळ, परत आल्यावर कोण काय बोललं. ते एक प्रकरण बाकी पन्नास पानांना भारी पडतं.

रेसिप्या घालणार असाल तर तिचं माप मोजून घ्या. ती म्हणते चिपटं, मापटं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, पण ही धान्य मोजायची मापं, वजनात प्रत्येक धान्य वेगळं येतं. तेव्हा ती घालायला लागली की हात धरा आणि आधी काट्यावर ठेवा. "अंदाजानं" याच्यावर विश्वास ठेवला तर ती चटणी तिच्याबरोबर जाईल. ती वैतागेल. वैतागू दे.

छपाई साधी ठेवा. ए फोर कागद मधोमध दुमडून मध्ये पिना मारलेली पुस्तिका कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडं होते, फक्त पानं चारच्या पटीत बसवा नाहीतर मागं कोरी पानं राहतात. अक्षर चौदा-सोळा पॉइंटचं घ्या, वाचणारे तिच्याच वयाचे आहेत. डीटीपीवाल्याला युनिकोडमध्येच ठेवायला सांगा, त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये केलं तर पाच वर्षांनी ती फाईल कुठंच उघडत नाही. छापायच्या आधी तिला मोठ्यानं वाचून दाखवा, ऐकू येत नसेल तर दोनदा. ती सुधारणा सांगेल, बहुतेक दुसऱ्यांच्या नावांच्याच. एक प्रत माहेरी, एक बचत गटाच्या कपाटात, एक गावच्या वाचनालयात, बाकी घरच्यांना. मागची चार पानं मुद्दाम कोरी सोडा आणि वर "राहिलेलं" असं छापा, खाली तुमचा नंबर. वाटल्यावर आठवड्याभरात फोन सुरू होतात, माझ्या आईचं नाव राहिलं, ते पाणी विहिरीचं नव्हतं, आडाचं होतं, आणि त्या बत्तीसमध्ये मी पण आहे की. ते सगळं तारीख घालून फाईलमध्ये चढवत जा, दुसऱ्या आवृत्तीला लागतं.